कोर्टाच्या कडेवरून : चार दिवसांचा सीझन

यंदाचं इंटर कॉलेज बास्केटबॉल उरकल्यापासून आलेल्या पत्रांतली बहुतेक हरलेल्यांची आहेत. साहजिक आहे. बाद फेरीत एक सोडून सगळेच हरतात, आणि जो जिंकतो तो पत्र लिहीत बसत नाही, तर्री-पोहे खायला जातो. मी नागपूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. त्यातल्या बहुतेक सकाळी मुलांच्या बास्केटबॉल टीममागे गेल्या. आम्ही ट्रॉफी उचलली दोनदा. म्हणजे उरलेल्या एकोणतीस वर्षांबद्दल मला कोणीही विचारावं.

माझा नातू बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैपासून रोज सकाळी प्रॅक्टिसला जायचा. मॅचेस सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "आबा, सीझन संपला." अहो, आमच्या संत्र्यालासुद्धा दोन बहार येतात, आंबिया आणि मृग. हा कसला सीझन? — एक आजोबा, सोमलवाडा

आबा, तुमचा हा बहार मी इथून पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये वापरणार आहे.

नातू खरं बोलला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया अशा चार जिल्ह्यांतली कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली येतात. त्यांच्या टीम एका ठिकाणी जमतात आणि बाद पद्धतीनं खेळतात. पहिल्याच मॅचला हरलात तर तुमचा सीझन चाळीस मिनिटांचा. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, शेवटी हात मिळवायचे, बॅग उचलायची. गोंदियाहून पहाटेची गाडी धरून आलेली पोरं दुपारच्या गाडीनं परत जाताना मी पाहिली आहेत. डब्यातल्या पोळ्या तशाच.

या स्पर्धेतून विद्यापीठाची टीम निवडली जाते. बारा जण. त्यांचं शिबिर होतं, मग ते पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीयला. वय सतरा ते पंचवीस. या बारांचा सीझन जरा लांबतो. बाकीच्यांचा बहार तिथेच गळाला.

अमेरिकेतल्या कॉलेजांची ती मार्चमधली स्पर्धा नातू मोबाइलवर बघत असेल. ६८ संघ, हरला तो घरी. आपली पोरं ते बघून म्हणतात, तिकडेही बादच आहे की! आहे. पण तिथे पोचण्याआधी त्या संघांनी तीसएक मॅचेस खेळलेल्या असतात. आपण फक्त शेवटचं पान फाडून आणलं.

आयोजक म्हणतात, साखळी, म्हणजे हरल्यावरही टीमला पुढची मॅच, घ्यायला दिवस कुठून आणायचे? कागद घ्या. समजा २४ संघ आले. बाद पद्धतीत २३ मॅचेस. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर २७६, ते अशक्यच. पण तिघातिघांचे आठ गट करा. गटांच्या २४ मॅचेस, मग आठ विजेत्यांची बाद फेरी सात मॅचेसची. एकूण ३१. फक्त आठ मॅचेस जास्त. एका मॅचला दीड तास धरला तरी बारा तास, दोन कोर्टांवर एक दिवस. आणि प्रत्येक पोराला निदान दोन मॅचेस. हा हिशेब मी नोकरीत असताना तीन वेळा मांडला. तिन्ही वेळा चहा चांगला मिळाला.

सर, नमस्कार. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या टीममध्ये बारावा खेळाडू आहे. पावणेपाचचा गजर लावतो. डिसेंबरच्या थंडीत माकडटोपी घालून गाडी काढतो. चार हजारांचे बूट घेतले. संपूर्ण सीझनमध्ये तो एक मिनिटही खेळला नाही. गणिताचा एक पेपरही राहिला आहे. त्याचे बाबा म्हणतात, "हा बेंच गरम करायला जातो आणि पेट्रोल मी भरतो." त्याला टीम सोडायला सांगू का? — एक आई, त्रिमूर्तीनगर

ताई, उत्तर लांब होणार आहे, कारण यात माझीच एक चूक सांगायची आहे.

बास्केटबॉलचा स्कोअरशीट तुम्ही पाहिला नसेल. त्यावर एका बाजूला बारा नावं असतात. सुरुवातीला उतरणाऱ्या पाचांपुढे फुली पडते आणि मॅच सुरू झाली की स्कोअरर त्या फुलीभोवती गोल काढतो. राखीव खेळाडू पहिल्यांदा आत गेला की त्याच्या नावापुढे नुसती फुली, गोल नाही. आत गेलाच नाही तर ती जागा कोरी. तुमच्या मुलाची जागा कोरी आहे, आणि घरी कोणी विचारलं नाही तरी त्याला ती पाठ आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हा क्वार्टर नव्हते, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असायचे. इंटर कॉलेजची सेमीफायनल. टीम माझी चांगली होती, पण मी खेळवायचो सहाच जणांना. बारावा होता काटोलकडचा एक पोरगा. पाण्याच्या बाटल्या तोच भरायचा, चेंडू मोजून जाळीत तोच टाकायचा. त्याच्यापुढे एकाही मॅचला फुली नव्हती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आमच्या सेंटरचे, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच पोराचे, पहिल्या हाफमध्येच चार फाउल झाले. पाचव्याला खेळाडू बाहेर जातो, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी त्याला काढला नाही. दुसऱ्या हाफमध्ये तो गेला, त्याच्यामागे आणखी एक गेला, सहाव्याचा घोटा मुरगळला. मी बेंचकडे वळलो तेव्हा तो काटोलचा पोरगा ट्रॅकसूटची चेन ओढत होता आणि चेन अडकली होती. आमच्या गार्डचा, म्हणजे चेंडू पुढे आणून वाटणाऱ्याचा, पहिला पास त्या पोराच्या बोटांना लागून बाहेर गेला. दुसरा त्याच्या पाठीवर आदळला, कारण तो पास येणार हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोन पॉइंटनी हरलो.

मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, कारण माझ्या न बोलण्यानं तो अर्धमेला झाला. बाकीचे निघून गेल्यावर तो चेंडू मोजत होता. मी विचारलं, "काहून बे, एवढे महिने प्रॅक्टिस करून पास धरता येत नाही?" तो म्हणाला, "सर, त्याचा पास मले कधी आलाच नाही. मी रोज त्याच्या समोर राहतो ना, बाजूले नाही."

मी तिथेच खाली बसलो. कारण खरं होतं. रोज प्रॅक्टिसला पहिले पाच एका बाजूला, उरलेले दुसऱ्या बाजूला. आमच्या गार्डचा पास कसा अडवायचा हे त्या पोराला विदर्भात सगळ्यात जास्त कळत होतं. तो पास धरायचा कसा, हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी टीम मिसळायला लागलो. आठवड्यातून दोन दिवस बारावा खेळाडू पहिल्या चौघांबरोबर. त्यानं लगेच ट्रॉफी आली असं नाही. दुसऱ्या वर्षी तर आम्ही आणखी लवकर हरलो. पण त्या वर्षी एकाही स्कोअरशीटवर कोरी जागा राहिली नाही.

आता तुमचा मुलगा. त्यानं कोचला "मला कधी खेळवणार?" असं विचारू नये. याला प्रत्येक कोचकडे एक तयार उत्तर असतं, मीही ते शेकडो वेळा दिलं आहे. त्यानं विचारावं, "सर, माझ्याकडून कुठली दोन मिनिटं हवीत?" समोरच्याचा चांगला गार्ड दमवायला दोन मिनिटं? आपल्या सेंटरला श्वास घ्यायला दोन मिनिटं? कोचला यावर काही सुचलं, तर पोरानं त्याच दोन मिनिटांची तयारी करावी. रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उडालेल्या चेंडूसाठी, माणूस अडवायचा, पास द्यायचा, धावत परत यायचं. एवढ्यासाठी टीममध्ये जागा असते. आणि कोचला काहीच सुचलं नाही, नुसतं "बघू" म्हणाला, तर ताई, मग पुढच्या जुलैत गजर नका लावू देऊ. संध्याकाळी एखाद्या क्लबला खेळू द्या. शिवाजीनगरला जाऊन बघा, तिथे उभं राहायला जागा नसते.

पेपर राहिला त्याचा दोष बास्केटबॉलवर टाकू नका. सहा ते आठ प्रॅक्टिस असते. गणित आठनंतरही करता येतं. पावणेपाचला उठणारं पोरगं रात्री किती वाजता मोबाइल खाली ठेवतं, ते बघा.

बाबांना सांगा, बेंच गरम करणं हे थंडीत तसं हलकं काम नाही.

सर, मी कॉलेजचा कॅप्टन आहे. क्वार्टर फायनल तीन पॉइंटनी हरलो. आम्हाला २१ फ्री थ्रो मिळाले, रिंगमधून गेले ९. आमचे सर म्हणतात रोज शंभर मारा. आम्ही मारतो. तरी असं का? — दक्षिण नागपूर

कॅप्टनसाहेब, फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा, पॉइंट एकच; तरी आणखी चार गेले असते तर एका पॉइंटनं जिंकला असतास. २१ पैकी १३ म्हणजे काही आकाशातले तारे नाहीत.

रोज शंभर मारायला माझी हरकत आहे. एका जागी उभं राहून शंभर मारणं हा जप झाला. मॅचमध्ये तुला एका वेळी दोन मिळतात, फार तर तीन. तेही तू धावून, धक्का खाऊन, छाती धडधडत असताना. तेव्हा प्रॅक्टिसलाही तसंच कर. कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जीव खाऊन पळ, लाइनवर ये, दोन मार. परत पळ, परत दोन. असे वीस झाले की बस. वहीत लिही. वही कोरडी ठेव, घामानं शाई पसरते. माझ्या जुन्या वह्या आता कोणालाच वाचता येत नाहीत, मलाही नाही.

चुकतो कुठे ते बघ. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागत असेल तर हाताला दोष देऊ नकोस, पाय दमले आहेत, गुडघे वाकत नाहीत. डावी-उजवीकडे जात असेल तर कोपर बाहेर पडतंय. बोर्डपासून ती लाइन ४.६० मीटरवर आणि रिंग ३.०५ मीटर उंचीवर, हे तुझ्या आजोबांच्या काळातही जवळपास एवढंच होतं आणि कुठल्याही गावात तेवढंच राहणार. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा चोवीसएक. म्हणजे शेजारी शेजारी दोन चेंडू अगदी थोडक्यासाठी मावत नाहीत. हे माझ्या पोरांना मी शिडीवर चढवून दाखवायचो. वरून एकदा ते भोक बघितलं की खालून ते तेवढं लहान वाटत नाही.

रेफ्रीनं चेंडू हातात दिल्यावर पाच सेकंद असतात. त्यात तीन टप्पे मार, लॉकेटला हात लाव, काय करायचं ते कर. पण दरवेळी तेच कर.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून साध्या फाउललाही समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. तुम्हाला एकवीस मिळाले, ठीक. तुम्ही किती दिले? तो आकडा काढ. मला वाटतं, मॅच तिथे गेली.

माझी उंची ५ फूट ६ इंच. टीमच्या निवडीला जाऊ की नको? — बी.एस्सी. प्रथम वर्ष, धरमपेठ

जा. मग्सी बोग्स ५ फूट ३ इंचांचा होता आणि एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, चौदा सीझन खेळला. उलट आपला सतनाम सिंग ७ फूट २ इंचांचा. २०१५ साली डॅलसच्या संघानं त्याला घेतलं; एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएतली एक मॅचही त्याच्या वाट्याला आली नाही. निवडीच्या दिवशी दोन्ही हातांनी ड्रिबल करता आलं पाहिजे आणि डोळे चेंडूवर नकोत. उंची विचारली तर खरी सांग, पट्टी भिंतीला लावलेलीच असते.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की मैदानातल्या कॅप्टननं टाइमआउट मागावा. नियम बघा. — एक पंच

बघितला. चूक माझी. टाइमआउट मुख्य कोच किंवा त्याचा पहिला सहायकच मागतो, तोही स्कोअररच्या टेबलाकडे. पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन, आणि शेवटच्या दोन मिनिटांसाठी त्यातले दोनच. मी एनबीए पाहत लिहिलं असणार, तिथे खेळाडू मागू शकतो. आभार. आपण कदाचित भेटलेलो आहोत आणि मी आपल्यावर ओरडलेलो आहे.

मी १९७८ ते ८१ कॉलेजकडून खेळलो. आता मैदानावर गेलो की पोरं लांबूनच फेकत असतात. धावत रिंगजवळ जाऊन चेंडू टाकायचा तो लेअप नावाचा प्रकार उरला आहे का? — महाल

दादा, तुम्ही खेळत होतात तेव्हा आपल्याकडे तीन पॉइंट नव्हतेच. आंतरराष्ट्रीय नियमांत ते १९८४ मध्ये आले. लांबून टाकलेल्याचे तुम्हाला दोनच मिळत, म्हणून कोणी टाकत नसे. आता हिशेब वेगळा झाला. तीनवाले तीनात एक गेला काय आणि दोनवाले दोनात एक गेला काय, सरासरी सारखीच पडते. पोरं मूर्ख नाहीत.

माझी तक्रार दुसरी आहे. २०१० मध्ये तीन पॉइंटची रेघ ६.२५ मीटरवरून ६.७५ वर सरकली. माझ्या माहितीतल्या दोन सिमेंटच्या कोर्टांवर अजून जुनीच रेघ रंगवलेली आहे. दर दोन वर्षांनी तिच्यावर मन लावून नवा रंग देतात. पोरं वर्षभर तिथून मारतात आणि स्पर्धेच्या कोर्टवर अर्धा मीटर मागे उभी राहिली की चेंडू रिंगपर्यंत पोचत नाही. मग त्यांचे सर म्हणतात, टेन्शन आलं. टेन्शन कसलं, वीस रुपयांचा टेप घ्या आणि मोजा.

लेअपबद्दल मात्र तुमचं पटतं. डाव्या हाताचा लेअप करणारं पोरगं दिसलं की मी अजून थांबतो.

मी ग्रामीण भागातल्या कॉलेजात क्रीडा शिक्षक आहे. सेमिस्टर आल्यापासून हिवाळी परीक्षा आणि खेळाच्या तारखा एकमेकांच्या उरावर. सकाळी सातच पोरं येतात. सातांत प्रॅक्टिस कशी घेऊ? — भंडारा जिल्हा

सात म्हणजे पुष्कळ. मी एकदा तिघांत घेतली आहे, त्यातला एक प्यून होता.

सातांत पूर्ण कोर्ट विसरा. अर्ध्यावर तीन विरुद्ध तीन खेळवा. आता तर तो ऑलिंपिकचा खेळ आहे, टोकियोपासून. दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, आणि बारा सेकंदांत शॉट. त्या बारा सेकंदांमुळे आळशी पोरगंही पास देतं. सातव्याच्या हातात शिट्टी. शिट्टी दर गेमला फिरवा. ज्याच्या हातात ती पाच मिनिटं राहते, त्याचे स्वतःचे फाउल आठवड्याभरात कमी होतात. हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे; असं का होतं, ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही.

टीम रोज बदला. वर त्या ताईंना लिहिलं आहे ते वाचा, दोन वेळा लिहीत नाही.

परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी द्या. हट्ट केलात तर घरचे पोराला कायमचं काढून घेतात. पेपर संपला त्या संध्याकाळी मात्र फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही. एक रात्र मध्ये गेली की तो मामाच्या गावाला पोचलेला असतो.

आणि चेंडू रात्री ऑफिसातल्या कपाटात ठेवा, बाहेरच्या जाळीत नको. भंडाऱ्याच्या थंडीत रात्रभर बाहेर राहिलेला चेंडू सकाळी उसळत नाही, आणि पोरं तासभर स्वतःच्या मनगटाला दोष देत बसतात.